धिंगरी (रानातली)

मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या लाकडावर पावसाळ्यात घोसाने उगवणारी, शिंपल्याच्या आकाराच्या टोपीची खाद्य अळंबी. शास्त्रीय प्रजाती प्ल्यूरोटस. तेलंगणच्या आदिलाबाद जिल्ह्यातले बाजारहत्नूर आणि महाराष्ट्रातले किनवट-माहूर हा सागाच्या पानझडी रानाचा एकच पट्टा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आदिलाबादमधून नांदेडला जोडले गेले, रान मात्र तुटले नाही. या पट्ट्याला लागून असलेल्या विदर्भात रानातली अळंबी म्हटली की आधी आठवतात त्या वारुळाशी उगवणाऱ्या सात्या आणि टेकोडे. त्या मातीतून वर येतात, धिंगरी लाकडातून.

म्हणून धिंगरी शोधणाऱ्याने सागाकडे फारसे पाहू नये. सागाचा गाभा कुजवणाऱ्या बुरशीला सहजी दाद देत नाही. सावर, सालई, मोई अशा मऊ लाकडाच्या झाडांचे पडलेले ओंडके, बांधावरच्या वठलेल्या आंब्याचे खोड, यांवर नजर ठेवावी. झड लागून उघडली की दोन-चार दिवसांत टोप्या फुगतात आणि तितक्याच लवकर किडतात. लाकडात नत्र अगदी थोडे. ते मिळवण्यासाठी ही बुरशी सूक्ष्म सूत्रकृमींना विषाने लुळे करून पचवते. शाकाहारी ताटातल्या या पाहुणीचा आहार १९८४ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला.

ओळख. टोपी पांढरी, राखी किंवा फिकट तपकिरी. उष्ण प्रदेशातल्या जामोर या जातीत गुलाबी. देठ आखूड, बहुधा टोपीच्या एका कडेला, कधी जवळजवळ नाहीच. टोपीखालच्या पात्या देठावर खालपर्यंत उतरत गेलेल्या. देठाला कडे नाही, बुडाशी पिशवी नाही. खात्रीसाठी बीजाणूंचा ठसा घ्यावा: अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद घेऊन त्यावर टोपी पात्या खाली करून ठेवावी, वर वाटी पालथी घालावी आणि सकाळी पाहावे. ठसा पांढरा किंवा किंचित जांभळट हवा. तपकिरी आला तर ती बहुधा क्रेपिडोटस, टाकून द्यावी. पात्यांच्या कडा करवतीसारख्या आणि अंग चिवट असेल तर ती लेंटिनस. बाजारात ‘साजोर-काजू’ नावाने विकली जाणारी धिंगरी खरे तर प्ल्यूरोटस पल्मोनॅरियस; मूळचे ‘साजोर-काजू’ हे नाव एका लेंटिनसचे.

‘लाकडावरची अळंबी विषारी नसते’ हा समज घातक आहे. ओम्फॅलोटस प्रजातीही लाकडावर घोसानेच येते. तिच्या काही जातींच्या पात्या अंधारात मंद उजळतात आणि ती खाल्ल्यास जोरदार उलट्या होतात. जपानमधल्या अळंबीच्या विषबाधांत तिचीच एक जात आघाडीवर असते. चांदीचे नाणे काळे पडणे, लसणाचा रंग बदलणे, किड्यांनी खाल्लेली असणे या कसोट्यांना काडीचा आधार नाही. किडा जे पचवतो ते माणसाला पचेलच असे नाही. ठसा, पात्या, देठ आणि लाकूड या चारही गोष्टी जुळल्या तरी पहिल्यांदा तोडणाऱ्याने जाणत्याला दाखवल्याशिवाय चुलीवर ठेवू नये.

स्वयंपाक. कोवळ्या टोप्याच घ्याव्यात; कडा पिवळ्या पडलेल्या, वास मारणाऱ्या सोडून द्याव्यात. टोपी उलटी धरून टिचकी मारली की पात्यांत दडलेले बारीक किडे खाली पडतात. कच्ची खाऊ नये. तिच्यातले ऑस्ट्रिओलायसिन हे अपायकारक प्रथिन उष्णतेने निकामी होते. ताज्या धिंगरीत सुमारे नव्वद टक्के पाणीच, त्यामुळे कढईभर भाजी शिजून वाटीभर उरते.

लागवड. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत सुरू झाली. भारतात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९६२ साली भाताच्या पेंढ्यावर यशस्वी झाली. आदिलाबाद कापसाचा जिल्हा. वेचणीनंतर शेतात जाळली जाणारी पऱ्हाटी बारीक करून, भिजवून, वाफवून घेतली तर तिच्यावरही धिंगरी चांगली येते.