उडत्या रानबदकांचे छायाचित्रण

उडत्या रानबदकांचे छायाचित्रण ही पक्षी-छायाचित्रणाची एक शाखा आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या बदकाचे छायाचित्र नवशिक्यालाही साधते. तेच बदक उडू लागले की त्याचा वेग, पंखांची हालचाल आणि दिशा या तिन्हींचा अंदाज एकाच वेळी बांधावा लागतो. भारतात हे छायाचित्रण मुख्यतः हिवाळ्यात केले जाते, कारण येथे दिसणाऱ्या बदकांपैकी बऱ्याच जाती मध्य व उत्तर आशियातून स्थलांतर करून येतात. छायाचित्रासाठी बसलेला थवा मुद्दाम उठवणे हा या क्षेत्रातील मुख्य वादाचा मुद्दा आहे.

उड्डाणाचे स्वरूप

बदकाचे शरीर जड आणि पंख त्यामानाने लहान असतात. त्यामुळे घारीप्रमाणे ते हवेत तरंगत राहू शकत नाही. त्याला सतत पंख मारावे लागतात. सरळ उड्डाणात अनेक जातींचा वेग ताशी ६० ते ८० किमी असतो.

पाण्यावरून उडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, हळदी-कुंकू बदक यांसारखी उथळ पाण्यात चरणारी बदके एका झेपेत जवळजवळ सरळ वर उठतात. लालसरी, शेंडी बदक यांसारखी बुडी मारणारी बदके मात्र काही अंतर पाण्यावर धावत जाऊन मग हवेत येतात. उडताना व उतरताना दोन्ही प्रकारची बदके शक्यतो वाऱ्याकडे तोंड करतात. या विषयातील बहुतेक व्यावहारिक कौशल्य याच एका सवयीवर उभे आहे.

इतिहास

उडत्या पक्ष्यांच्या छायाचित्रणाची सुरुवात शरीरक्रियाशास्त्रातून झाली. फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार केला. चाप ओढल्यावर तो सेकंदाला १२ छायाचित्रे घेत असे. पंखांची क्रिया समजून घेणे हा त्यांचा हेतू होता. १८८४ मध्ये जर्मन छायाचित्रकार ओटोमार आन्श्युट्झ यांनी उडत्या करकोच्यांची छायाचित्रे घेतली.

मारे यांच्या यंत्राचा आकार केवळ योगायोग म्हणता येणार नाही. उडत्या पक्ष्याच्या गतीबरोबर नळी फिरवत राहण्याचे कसब बदकांच्या शिकाऱ्यांनी आधीच घोटलेले होते. आजचा छायाचित्रकार टेलिफोटो भिंग तसेच फिरवतो. दडून बसण्याचा आडोसा, पहाटेची वेळ, वाऱ्याची पारख या गोष्टीही शिकारीतही होत्याच. राजस्थानातील भरतपूर हे या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण आहे. तेथे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी १२ नोव्हेंबर १९३८ रोजी झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तीच पाणथळ जागा आज केवलादेव राष्ट्रीय उद्यान असून १९८५ पासून जागतिक वारसा स्थळ आहे, आणि पक्षी-छायाचित्रकारांचे ते आवडते ठिकाण आहे.

१९८० च्या दशकात स्वयंचलित फोकस असलेले कॅमेरे बाजारात आले आणि हा छंद आवाक्यात आला. २०२० नंतरचे काही कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतः ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतात.

तंत्र

ताशी ७२ किमी वेगाने जाणारे बदक एका सेकंदात २० मीटर अंतर कापते. शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवला तर तेवढ्या काळात ते ४ सेंमी पुढे सरकते. १/२००० ठेवला तर १ सेंमी. कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवल्याने शरीराची ही हालचाल बरीचशी भरून निघते, पण पंखांच्या टोकांची निघत नाही. म्हणून १/२००० किंवा त्याहून जलद शटर पसंत केले जाते. याउलट, काही जण जाणीवपूर्वक १/३० ते १/६० इतके मंद शटर वापरून पंख आणि पार्श्वभूमी पुसट होऊ देतात. अशा शेकडो प्रयत्नांतून एखादेच चित्र हाती लागते.

पक्षी चौकटीत सापडणे ही पहिली अडचण असते. ५०० मिमी भिंग आणि ३६ मिमी रुंदीचा संवेदक असलेल्या कॅमेऱ्यातून ४० मीटर अंतरावर जेमतेम २.९ मीटर रुंदीचे दृश्य दिसते. कॅमेरा स्थिर धरला तर वरील वेगाचे बदक ही चौकट सुमारे १/७ सेकंदात ओलांडून जाते. म्हणून पक्षी दूर असतानाच तो भिंगात घ्यावा, काही काळ नुसता पाठलाग करावा आणि जवळ आल्यावर शटर दाबावे, अशी रीत आहे. शटर दाबल्यावरही भिंग फिरते ठेवावे लागते. हात तेथेच थबकला की चित्रात शेपूट तेवढी उरते.

प्रकाशमापनात आकाश फसवते. उजळ आकाशामुळे कॅमेरा चित्र गडद करतो आणि बदकाची केवळ काळी आकृती उरते. थवा आकाशातून झाडीसमोर व तेथून पाण्यावर येईपर्यंत मापन तीनदा बदलते. म्हणून अनुभवी छायाचित्रकार बदकाच्या अंगावरील प्रकाश पाहून मूल्ये स्वतःच निश्चित करतात. काही कॅमेऱ्यांत आवाजरहित इलेक्ट्रॉनिक शटर वापरल्यास वेगवान पंख वाकडे उमटतात.

या सर्वांपेक्षा उभे राहण्याची जागा अधिक महत्त्वाची ठरते. वारा छायाचित्रकाराच्या पाठीकडून वाहत असेल, तर उतरणारी बदके त्याच्याकडे तोंड करून येतात. पंख पसरलेले, पाय पुढे आणि डोळे स्पष्ट, अशी स्थिती तेव्हा मिळते. सूर्यही पाठीशी असेल तर उत्तम. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यातील वारे बहुधा पूर्व-ईशान्येकडून येतात. त्यामुळे सकाळी जलाशयाचा पूर्वेकडील काठ सोयीचा पडतो.

महाराष्ट्रातील स्थळे

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर, भीमेवरील उजनी धरणाचा फुगवटा आणि गोदावरीवरील जायकवाडी ही प्रमुख ठिकाणे होत. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ आहे. तेथे बांधलेल्या मनोऱ्यांवरून निरीक्षण होते, म्हणजे जागा बदलण्याची मोकळीक कमी. पण बदकांना त्या मनोऱ्यांची सवय झालेली असते. भिगवण परिसरात होडीतून पाण्याच्या पातळीवरून चित्रे घेता येतात. पावसाळ्यानंतर उजनी तुडुंब असताना पक्षी विखुरलेले असतात. पाणी ओसरून उथळ काठ उघडे पडले की त्यांची गर्दी होते.

थवा उठवण्याचा प्रश्न

होडी वेगाने थव्यावर घालणे, टाळ्या वाजवणे, दगड मारणे किंवा ड्रोन खाली आणणे या उपायांनी बदके हमखास उडतात. मात्र पंख मारत केलेल्या उड्डाणात विश्रांतीच्या तुलनेत अनेक पटींनी ऊर्जा खर्च होते, आणि चरण्याचा वेळही बुडतो. परतीच्या प्रवासापूर्वी चरबी साठवणाऱ्या पक्ष्यांना हा तोटा अधिक जाणवतो. एका होडीने उठवलेला थवा दुसऱ्या काठावर उतरतो. तेथे दुसरी होडी उभी असेल, तर तोच प्रकार पुन्हा घडतो.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य प्राण्याला हाकणे याचाही समावेश आहे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगीची तरतूद याच अधिनियमाच्या कलम २८ मध्ये आहे.

चित्राच्या दृष्टीनेही हा मार्ग तोट्याचा आहे. घाबरलेली बदके माणसापासून दूर जातात, त्यामुळे हाती लागते ती पाठमोऱ्या पक्ष्यांची दाटी. एकही डोळा न दिसणारी अशी असंख्य चित्रे दर हिवाळ्यात घेतली जातात. वास्तविक बदके पहाटे व संध्याकाळी चरण्याच्या आणि विसाव्याच्या जागांदरम्यान स्वतःहून ये-जा करतात. दोन-तीन दिवस नुसते पाहिले तरी त्यांचा मार्ग कळतो. पाण्यावरील पक्ष्यांनी चरणे थांबवून माना उंच केल्या, एकत्र येऊन दूर पोहू लागले, की आपण फार जवळ आलो आहोत असे समजून तेथेच थांबणे किंवा मागे सरणे अपेक्षित असते.

नोंदींसाठी उपयोग

अनेक जातींच्या माद्या बसलेल्या असताना तपकिरी आणि एकसारख्या दिसतात. शरद ऋतूत नुकतेच आलेले नरही बहुधा तशाच फिक्या पिसाऱ्यात असतात. पंख उघडले की भेद कळतो: चक्रांगाच्या पंखावर हिरवा चमकदार पट्टा, थापट्या नराच्या पंखाचा पुढचा भाग निळा, भुवई बदकाच्या नराचा फिकट निळसर राखाडी, तर चक्रवाकाच्या पंखात पांढऱ्या व काळ्या रंगांची ठळक विभागणी. त्यामुळे दुरून घेतलेले, कलात्मकदृष्ट्या सामान्य चित्रही ओळख पटवण्यास पुरेसे ठरते. थव्याच्या चित्रातून नंतर सावकाश मोजणी करता येते. पट्टकादंब हंसांच्या गळ्यात संशोधकांनी घातलेल्या पट्ट्यांवरील अक्षरेही छायाचित्रातून वाचता येतात, आणि त्यावरून मंगोलियात पट्टा घातलेला पक्षी भारतात कोठे पोहोचला हे कळते. अशा नोंदीसाठी तारीख, जलाशयाचे नाव व मूळ न कापलेले चित्र जपून ठेवावे लागते.