वाणी, मुद्रा आणि मतदार

मतदारानें उमेदवाराचे विचार तोलून मत द्यावें, असें राज्यशास्त्राचे ग्रंथ सांगतात. परंतु विचार मतदारापर्यंत पोंचतात ते कोणाच्या तरी वाणीवर स्वार होऊन. आणि त्या वाणीमागें एक मुद्राही असते. या दोहोंचा मतावर किती अंमल चालतो, याचा वस्तुपाठ अमेरिकेच्या इतिहासांत सांपडतो.

१८५८ सालीं इलिनॉय संस्थानांत सेनेटच्या जागेकरितां अब्राहम लिंकन व स्टीफन डग्लस यांचे सात जाहीर वादविवाद झाले. लिंकन ६ फूट ४ इंच उंच, तर डग्लस अगदींच ठेंगणा. पण लिंकनचा आवाज बारीक व कांहींसा चिरका होता. उघड्या मैदानांत मात्र तोच आवाज दूरवर ऐकूं जाई. जागा डग्लसकडेच राहिली. तरी वर्तमानपत्रांत छापलेल्या त्या भाषणांनीं लिंकनचें नांव देशभर झालें. पुढें १८६० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर ग्रेस बेडेल नांवाच्या ११ वर्षांच्या मुलीनें त्याला पत्र लिहिलें कीं, आपला चेहरा फार कृश दिसतो. दाढी राखल्यास तो खुलेल आणि मतेंही वाढतील. लिंकननें दाढी राखली खरी. पण ती वाढण्यापूर्वींच त्यानें निवडणूक जिंकली होती!

रेडिओ आला आणि मुद्रा पडद्याआड गेली. १९२१ सालच्या आजारानें फ्रँकलिन रूझवेल्टचे पाय लुळे झाले होते. १२ मार्च १९३३ रोजीं, देशांतील बँका बंद असतांना, तो रेडिओवरून लोकांशीं बोलला. ऐकणाराला पाय दिसले नाहींत; ऐकूं आला तो धीर देणारा घरगुती आवाज. बँका उघडल्यावर लोकांनीं पैसे काढण्याऐवजीं परत आणून ठेवले. त्यांत नव्या कायद्याचा वांटा होताच, पण त्या आवाजाचाही होता.

मग दूरचित्रवाणी आली. २६ सप्टेंबर १९६० रोजीं शिकागो येथें जॉन केनेडी व रिचर्ड निक्सन यांचा वादविवाद सुमारे ७ कोटि लोकांनीं पाहिला. गुडघ्याच्या विकारामुळें निक्सन नुकताच रुग्णालयांत राहून आलेला, वजन घटलेलें, चेहऱ्यावर घाम. त्याचा फिकट पोषाख मागच्या भिंतींत मिसळून गेला. केनेडी टवटवीत आणि गडद पोषाखांत उठून दिसणारा. आपला मतभेद ध्येयांविषयीं नसून मार्गांविषयीं आहे, असें निक्सननेंच आरंभीं सांगितलें. विचारांतलें अंतर असें कमी भासलें, म्हणजे नजर आपोआप चेहऱ्याकडे वळते. अखेर केनेडी निवडून आला. देशभरच्या मतांतील फरक सुमारे १ लाख १३ हजारांचा, म्हणजे शेंकडा अर्ध्याहूनही कमी होता.

रेडिओवर ऐकणारांना निक्सन जिंकलासें वाटलें, ही कथा पुढें फार रूढ झाली. तिला आधार असलेल्या पाहणींत रेडिओ ऐकणारे संख्येनें थोडेच होते; शिवाय त्यांचा कल आधींपासूनच निक्सनकडे नव्हता, असें सांगतां येत नाहीं. तथापि २००३ सालीं जेम्स ड्रकमन या अभ्यासकानें एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत तोच वाद कांहींना दाखविला, कांहींना नुसता ऐकविला. पाहणारांचा कौल ऐकणारांपेक्षां केनेडीकडे अधिक झुकला. म्हणजे कथेचा पाया कच्चा असला, तरी तिच्यांतलें सत्य अगदींच पोकळ नाहीं.

एवढ्यावरून कान डोळ्यापेक्षां शहाणा ठरत नाहीं. जो आवाज घाबरलेल्यांना धीर देतो, तोच खोट्यालाही खऱ्याचा साज चढवूं शकतो. दिसतें तसें नसतें, ही म्हण ऐकण्यालाही लागू आहे. चेहऱ्याची वा आवाजाची भूल कोणालाच सर्वस्वीं टाळतां येणार नाहीं. पण एकदां पाहिलेलें वा ऐकलेलें भाषण दुसऱ्या दिवशीं छापील स्वरूपांत शांतपणें वाचणें प्रत्येकाच्या हातीं आहे. कागदावर घाम दिसत नाहीं आणि गोड आवाजही उमटत नाहीं. तेथें उरतें तें केवळ बोलणाराचें म्हणणें. आणि मत द्यावयाचें तें त्यालाच.