चांद्याच्या जंगलात परभाषा मराठी

गडचिरोली जिल्ह्यात भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांच्या आतल्या गावांतले मूल सहाव्या वर्षी शाळेत दाखल होते, तेव्हा त्याची बोलती भाषा माडिया किंवा गोंडी असते. सिरोंच्याकडे घराघरांत तेलुगू चालते, चंद्रपूरच्या जिवती-कोरपना भागातल्या कोलामांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, कोलामी, आणि चामोर्शी-मुलचेरा पट्ट्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली. या सगळ्यांसमोर पहिलीच्या वर्गात जे मराठी पुस्तक येते, ते मराठी बोलत मोठ्या झालेल्या मुलासाठी लिहिलेले असते. सरकारी कागदावर मराठी ही त्यांची ‘प्रथम भाषा’. प्रत्यक्षात ती परभाषा. गेल्या दीडशे वर्षांत इथल्या प्राथमिक शाळांत जे घडले आणि बिघडले, त्याचा बराचसा उलगडा या एका विसंगतीतून होतो.

चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, गोंड राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले आणि कारभारात मराठी आली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला आणि पुढच्याच वर्षी त्या प्रांताचे शिक्षण खाते उभे राहिले. शाळा कोणत्या भाषेत भरवायची हे कचेरीच्या भाषेवरून ठरले. चांद्यात ती मराठी होती. गोदावरीकाठचा सिरोंचा भाग निजामाकडून १८६० साली इंग्रजांकडे आला आणि १८७४ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला, त्यामुळे जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला तेलुगूचा प्रश्न होताच. तेलुगूला लिपी होती, ग्रंथ होते, शेजारी सगळा मुलूख तेलुगूचा होता. गोंडीच्या पाठीशी यातले काहीच नव्हते. अहेरीच्या जमीनदारीतल्या माडिया गावांपर्यंत तर शाळाच पोचली नव्हती, त्यामुळे तिथे भाषेचा प्रश्न निघायचे कारण नव्हते.

गोंडीचा अभ्यास मात्र होत होता. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जमवलेली गोंडी शब्दांची यादी आणि गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याचे गीत त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी छापून आणले. ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात, १९०६ मध्ये, गोंडी द्राविडी कुळातली म्हणून नोंदली गेली. बस्तरकडच्या माडियाचे मिचेल यांनी लिहिलेले व्याकरण १९४२ साली जगदलपूरला निघाले. ही सगळी पुस्तके अधिकाऱ्यांना आणि पाद्र्यांना गोंडी कळावी म्हणून होती. त्यांचा उपयोग करून गोंड मुलाला मराठी शिकवावी, असे चांद्यात कोणाच्या मनात आले नाही.

ही अडचण नेमकी कुठे येते, हे वर्गात बसल्याशिवाय ध्यानात येत नाही. गोंडीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि विभक्तीचे प्रत्यय नामाला मागून लागतात, मराठीतही तसेच. म्हणून वाक्याचा सांगाडा मुलाला परका वाटत नाही. लिंगात मात्र गाडी अडते. गोंडीत पुरुष आला तर ‘वातोर’, आणि बाई आली, गाय आली किंवा पाऊस आला तरी ‘वाता’. एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बाकी सारी सृष्टी, एवढीच वाटणी. मराठीत तेच मूल आला, आली, आले यांच्या कैचीत सापडते. डोंगर पुल्लिंगी, टेकडी स्त्रीलिंगी आणि झाड नपुंसकलिंगी का, याचे उत्तर गुरुजींकडेही नसते. त्यांनी ते कधी शिकलेले नसते, आईच्या मांडीवरच उचललेले असते. उच्चारांचेही तसेच. ख, घ, भ असे महाप्राण वर्ण मूळच्या द्राविडी उच्चारांत नाहीत, उसन्या शब्दांबरोबर ते गोंडीत आले. भामरागडच्या पोराने ‘भात’चा ‘बात’ केला की वहीवर लाल रेघ ओढली जाते. ती चूक त्याच्या भाषेच्या नियमाला धरून आहे, हे गुरुजींना ठाऊक असते तर रेघेऐवजी सराव दिला गेला असता.

यात आणखी एक पेच आहे. बाजारात, वनखात्याच्या कामावर, झाडीपट्टीच्या नाटकाला गेल्यावर हे मूल जी मराठी ऐकते ती झाडीबोली असते. तिच्यात ‘पाणी’चे ‘पानी’ होते आणि ‘काळा’चा ‘कारा’. म्हणजे घरची माडिया, बाजारातली झाडीबोली आणि पुस्तकातली पुणेरी मराठी अशा तीन पायऱ्या. मधली पायरी शाळेने कधी मोजली नाही. मग एक ओळखीचे दृश्य दिसते: तिसरी-चौथीतले मूल पाठ खणखणीत वाचून दाखवते आणि ‘काय वाचलेस?’ असे विचारले की गप्प राहते. अक्षरओळख झालेली असते, भाषाओळख राहून गेलेली असते.

परभाषा ही परभाषा म्हणूनच शिकवावी, याचा पहिला पद्धतशीर प्रयोग वर्धा नदीच्या पलीकडे झाला. आदिलाबाद जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि आज चंद्रपुरात असलेला राजुऱ्याचा मुलूखही त्याच जिल्ह्यात होता. तो १९५६ मध्ये नांदेडला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. १९४० साली जोडेघाटला गोंडांच्या बंडाचा नेता कोमराम भीमू मारला गेला आणि त्यानंतर निजाम सरकारने गोंडांच्या असंतोषाचे मूळ शोधण्यासाठी ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हैमेनडॉर्फ यांना पाठवले. जमिनी हातच्या जात आहेत आणि कचेरीतला कागद वाचणारा गोंड सापडत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांच्या सल्ल्याने १९४३ साली मारलवाई या लहानशा गावी गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र उघडले.

केंद्राला पहिली अडचण आली ती शिक्षकांचीच. शिकलेले गोंड जवळजवळ नव्हतेच. इकडेतिकडे मराठीची तोंडओळख असलेले थोडे तरुण मिळाले, त्यांना हाताशी धरून शिक्षक घडवले गेले. गोंडीची प्राथमिक पुस्तके तयार झाली ती देवनागरीत, कारण आदिलाबादच्या बाजाराची आणि सावकाराची भाषा त्या काळी मराठी होती, आणि गोंडीसाठी शिकलेली अक्षरे मराठीला जशीच्या तशी चालणार होती. मूल आधी आपल्याच भाषेत लिहा-वाचायला शिके, मग मराठीकडे वळे आणि पुढे राज्याच्या उर्दूकडे. क्रम साधा होता. पण लिपी एकदाच शिकायची आणि ती कळत्या भाषेत शिकायची, यात वर्ष-दोन वर्षांची घोकंपट्टी वाचत होती.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला असेच काही चालू होते. मेक्सिकोतल्या मिचोआकान प्रांतात १९३९ साली भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वादेश यांच्या पुढाकाराने तारास्कन प्रकल्प सुरू झाला. तिथल्या पुरेपेचा लोकांना आधी त्यांच्या भाषेत साक्षर करायचे आणि मग स्पॅनिशकडे न्यायचे, अशी ती योजना होती. चार शतके स्पॅनिश लादून जे साधले नव्हते, ते या वाटेने जमेल असा तिचा होरा होता. युनेस्कोने शिक्षणात मातृभाषेचा पुरस्कार करणारा आपला अहवाल पुढे १९५३ मध्ये काढला. मारलवाई आणि मिचोआकान या दोन्ही ठिकाणी काम त्याच्या दहा वर्षे आधीच सुरू झाले होते.

मारलवाईच्या कामाशी एक मराठी नाव जोडलेले आहे. शिवकालाचे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी हे तेव्हा हैदराबादच्या मुलकी सेवेत होते आणि आदिलाबादेत आदिवासी कल्याणाचे काम पाहत होते. ते गोंडी शिकले, कोलामी शिकले आणि १९५० च्या सुमारास दोन्ही भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली. मराठी वाचकाला त्यांचे शिवाजी महाराजांवरचे लेखन माहीत असते. ही व्याकरणे कपाटातच राहिली. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर या शाळा नेहमीच्या शिक्षण खात्याकडे गेल्या आणि गोंडीतून शिकवणे ओसरले. १९५६ च्या भाषावार रचनेत आदिलाबाद आंध्रात गेल्यावर मराठीची जागा तेलुगूने घेतली. देवनागरीतली गोंडी पुस्तके त्यामुळे दुहेरी निरुपयोगी झाली.

नदीच्या अलीकडे १९६० नंतर महाराष्ट्राने शाळा वाढवल्या. सत्तरच्या दशकात आश्रमशाळांचे जाळे पसरले, २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला. दूरच्या गावांतल्या मुलांची राहण्या-जेवणाची सोय झाली, ही आश्रमशाळेची मोठी कमाई. पण मूल घरापासून तोडले गेले आणि शिक्षक बहुधा बाहेरच्या जिल्ह्यातला, बदलीची वाट पाहणारा. मोहफुलाच्या हंगामात, मार्च-एप्रिलात, घरी पळालेली मुले परत आणणे हे तिथल्या शिक्षकाचे दरवर्षीचे काम. याला आदिवासींची शिक्षणाविषयीची अनास्था म्हणण्याची पद्धत पडली. दिवसभर न कळणारी भाषा ऐकत बसणारे सहा वर्षांचे कुठलेही मूल पळेल, हा विचार क्वचितच झाला.

भामरागडजवळच्या हेमलकशात बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व मंदाकिनी आमटे तिथे राहिले. माडिया लोक परक्याला पाहून पळत; औषध द्यायचे तर आधी बोलता यायला हवे होते. म्हणून डॉक्टर आणि त्यांचे सहकारी माडिया शिकले, वस्तूकडे बोट दाखवून, ऐकलेला शब्द टिपून घेत. १९७६ मध्ये शाळा निघाली तेव्हा ही शिदोरी कामी आली. मुलाला ताप आहे की घरची आठवण येते, हे त्याच्या भाषेत विचारणारे कोणी तरी शाळेत होते. अभ्यासक्रम सरकारी, पुस्तके मराठी. पण पहिल्या इयत्तांत समजावणे माडियातून. ‘हिल्ले’ म्हणजे नाही, ‘बाता’ म्हणजे काय, इतक्या भांडवलावर सुद्धा वर्गातला अबोला फुटतो. या शाळेतून पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक झाले. ते यश बहुतेक वेळा सेवाभावाच्या खात्यावर मांडले जाते. त्यात भाषा शिकण्याच्या कष्टांचा वाटा किती, हे मांडणारे थोडे. सरकारी शिक्षकासाठी मात्र अशी भाषा शिकणे ही नेमणुकीची अट झाली नाही, म्हणून हेमलकशाचे उदाहरण कौतुकाचेच राहिले.

कायद्यात उणीव नव्हती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५० क प्राथमिक टप्प्यावर भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षण देण्याची सोय राज्यांनी करावी असे सांगतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ‘शक्यतोवर’ मातृभाषा म्हणतो, २०२० चे राष्ट्रीय धोरणही किमान पाचवीपर्यंत तेच सुचवते. त्या ‘शक्यतोवर’मध्ये गोंडी कायम मागे राहिली. २०११ च्या जनगणनेत देशात गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख नोंदले गेले, पण ते महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा राज्यांत विखुरलेले आणि कुठेही राजभाषेचे धनी नाहीत. आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. लिपीही एक नाही. बालाघाटकडच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली एक लिपी तयार केली, आदिलाबादच्या गुंजाळा गावी वेगळ्याच लिपीतली हस्तलिखिते सापडली. युनिकोडमध्ये पहिली २०१७ साली आणि दुसरी २०१८ साली आली. आंध्र प्रदेशाने २००४ मध्ये आठ आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, त्यात गोंडी होती, पण तेलुगू लिपीत. त्याच आदिलाबादेत त्याच्या साठ वर्षे आधी ती देवनागरीत शिकवली गेली होती.

अलीकडचे दोन प्रयोग एकमेकांच्या उलट दिशेचे आहेत. भामरागड तालुक्यातल्या नेलगुंड्यात लोकबिरादरीने २०१५ साली साधना विद्यालय काढले. तिथे माडियाचा हात धरून मूल इंग्रजीकडे जाते. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच शाळा उघडली: पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल, माध्यम गोंडी. गोटुल ही गावातल्या तरुणांच्या एकत्र येण्याची जुनी संस्था. तिचे नाव शाळेला देण्यामागे हेतू उघड आहे. शिक्षण खात्याने मान्यता नाही म्हणून ती बेकायदा ठरवली, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. मान्यतेशिवाय शाळा चालवू नये, हे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १८ सांगते. शक्यतोवर मातृभाषेतून शिकवावे, हे त्याच कायद्याचे कलम २९.