नर्तकीची योगशाळा

मुंबईच्या मूकपटांचा इतिहास सांगताना १९३० सालच्या ‘शेर-ए-अरब’ या चित्रपटाचा उल्लेख झालाच, तर तो बहुधा पृथ्वीराज कपूर यांच्या उमेदवारीच्या काळातील एक चित्रपट म्हणून होतो; परंतु याच चित्रपटात इंद्रादेवी या नावाने जी गौरवर्ण नर्तकी पडद्यावर आली, तिच्या हातून पुढे एका नव्या पेशाची घडण व्हावयाची होती. नामांकित नटनट्यांच्या शरीराची निगा राखणारा शिक्षक ही आज सर्वपरिचित झालेली व्यक्ती आहे. या शिक्षकाच्या पूर्वजांचा शोध घेऊ लागल्यास तो शोध आपल्याला मुंबई आणि म्हैसूर या दोन शहरांशी आणून सोडतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

बाईंचे मूळ नाव युजेनी पीटरसन. त्यांचा जन्म १८९९ साली तत्कालीन रशियन साम्राज्यातील रीगा शहरी झाला. वडील स्वीडिश वंशाचे बँक-अधिकारी, तर आई रशियन खानदानी घराण्यातील असूनही रंगभूमीवर वावरणारी. मॉस्कोत नाट्यशिक्षण सुरू असतानाच राज्यक्रांतीची धामधूम उसळली आणि असंख्य कुटुंबांप्रमाणे हे कुटुंबही देशोधडीला लागले. बर्लिनमध्ये रशियन निर्वासितांनी उभारलेल्या ‘निळा पक्षी’ या नाटकमंडळीत युजेनीला आश्रय मिळाला, आणि त्या मंडळीबरोबर अभिनय आणि नृत्य करीत तिने युरोपचा बराच मुलूख पालथा घातला. १९२६ साली हॉलंडमधील ओमेन येथे भरलेल्या थिऑसॉफिस्टांच्या मेळाव्यात जे. कृष्णमूर्तींचे भाषण ऐकून भारताची जुनी ओढ अनावर झाली, आणि पुढच्याच वर्षी ती या देशात आली.

१९३० साली मुंबईतील चेकोस्लोव्हाक वकिलातीतील व्यापारविषयक अधिकारी यान स्त्राकाती यांच्याशी विवाह होताच रंगभूमीवरील आयुष्य संपले आणि मेजवान्यांचे आयुष्य सुरू झाले. अशा सुखवस्तू दिनक्रमात हृदयविकाराने गाठले, औषधोपचारांची वर्षे निष्फळ गेली, आणि तेव्हा त्या योगाकडे वळल्या. त्या काळी महाराष्ट्रात या विद्येचे रूप पालटत होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसन-प्राणायामांच्या परिणामांची प्रयोगशाळेत तपासणी आरंभली होती, आणि औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार आपल्या संस्थानातील शाळांपासून थेट विलायतेपर्यंत करीत होते. गुहेतील साधकाची विद्या गृहस्थाच्या अंगणात येऊ लागली होती. तथापि त्या अंगणातही परकीय स्त्रीला जागा दुर्मीळच होती.

ती जागा मिळाली म्हैसूरला, आणि तीही सहजासहजी नव्हे. महाराज कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाने तिरुमलाई कृष्णमाचार्य १९३३ पासून जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा चालवीत होते. आचार्य करारी, कर्मठ आणि कमालीचे शीघ्रकोपी. शिष्य तरुण मुलगे. अशा शाळेत एका परदेशी, विवाहित बाईने विद्यार्थिनी म्हणून उभे राहावे, ही कल्पनाच त्यांना मानवेना. अखेर महाराजांनी शब्द टाकला आणि अन्नदात्याचा शब्द आचार्यांना मोडता आला नाही. पण दरबारी हुकमाने दार उघडले, तरी विद्या हुकमाने मिळत नाही. आहाराचे कठोर निर्बंध, पहाटेचे उठणे, रात्री लवकर निजणे, अंग मोडून काढणारा अभ्यास, हे सारे बाईंनी एक अक्षरही न कुरकुरता पाळले, आणि ज्यांनी त्यांना टाळले होते त्याच आचार्यांनी पुढे स्वतः लक्ष घालून त्यांना प्राणायाम शिकवला. पतीची बदली चीनला झाली, तेव्हा ‘आता तू शिकवावेस’ अशी आज्ञाही त्यांनीच केली. याच गुरूंच्या आज्ञेवरून १९३७ साली बी. के. एस. अय्यंगार हा त्यांचा तरुण मेहुणा पुण्यास येऊन दाखल झाला होता. एकाच शाळेची एक शाखा अशी डेक्कन जिमखान्यावर रुजली आणि दुसरी समुद्र ओलांडून गेली.

शांघायमध्ये १९३९ साली मादाम च्यांग कै-शेक यांच्या बंगल्यात बाईंनी वर्ग उघडला. महायुद्धानंतर, पतीच्या निधनानंतर, १९४७ साली त्या अमेरिकेस गेल्या आणि हॉलिवूडच्या सनसेट बुलेव्हार्डवर त्यांनी आपली योगशाळा थाटली. ग्रेटा गार्बो, ग्लोरिया स्वॉन्सन, जेनिफर जोन्स यांच्यासारख्या तारका तेथे येऊ लागल्या. त्यांचे चरितार्थाचे साधन म्हणजे त्यांचे शरीर, आणि त्या साधनाला वयाची धास्ती. ही धास्ती स्वतः रंगमंचावर उभे राहिलेल्या शिक्षिकेला जितकी कळली, तितकी एखाद्या संन्याशाला कळली नसती. शिवाय नर्तकीला हालचालीचे तुकडे पाडून ती दुसऱ्याच्या अंगात उतरवण्याची सवय असते. बाईंच्या शिकवण्यात घाई नव्हती, जबरदस्ती नव्हती. संथ आसन, दीर्घ श्वास आणि त्यानंतरची विश्रांती यांवरच त्यांचा भर असे. म्हैसूरच्या शाळेतील झटके आणि उड्या त्यांनी मागेच ठेवल्या.

१९५३ सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकाच्या नावातच त्यांनी चिरतारुण्याचे आश्वासन दिले, आणि मोक्षाच्या विद्येला सौंदर्यप्रसाधनांच्या पंक्तीला बसवले, असा आक्षेप त्यांच्यावर घेता येतो. तो सर्वस्वी अनाठायी नाही. मात्र ज्या विद्येचा दरवाजा त्यांना स्वतःला दरबारी वशिल्याशिवाय उघडला नव्हता, तो त्यांनी वय, धर्म, देश वा शारीरिक दुर्बलता न पाहता प्रत्येकीसाठी उघडा ठेवला, आणि आज कोणत्याही योगवर्गात स्त्रियांचीच संख्या अधिक दिसते, त्याचे पुष्कळ श्रेय या एका शिष्येला द्यावे लागते. माझ्या मते आक्षेपाच्या पारड्यापेक्षा हे पारडे जड आहे.

१९६० साली त्या मॉस्कोस गेल्या आणि योग हा धर्मप्रचार नसून आरोग्याचे साधन आहे, हे तेथील सत्ताधाऱ्यांना समजावून सांगू लागल्या. ज्या शहरातून क्रांतीने त्यांना हुसकले होते, तेथेच त्या शिक्षिका म्हणून परतल्या होत्या. पुढे मेक्सिकोतील टेकाटे येथे त्यांनी शिक्षक तयार करण्याचे काम केले, आणि पंचाऐंशी वर्षांच्या झाल्यावर अर्जेंटिनात बिऱ्हाड हलवून स्पॅनिश भाषकांत नव्याने आरंभ केला. एप्रिल २००२ मध्ये, वयाची १०२ वर्षे पुरी झालेली असताना, ब्वेनोस आयरेस येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची संस्था त्यांनी तेथे १९८८ सालीच स्थापन करून ठेवली होती.