स्नायू, ओझे आणि कायदा



पालघर-बोईसरच्या श्रोत्यांपुढे स्नायूंवर बोलायचे, म्हणजे ज्याच्या बळावर हा सारा मुलूख उभा आहे त्यावरच बोलायचे. सातपाटीच्या कोळणीची पाटी, किनाऱ्यावरच्या मिठागरातले मीठ, वारल्याच्या डोक्यावरचा गवताचा भारा आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ट्रकमधून उतरणारी गोणी, हे सारे माणसाच्या स्नायूंनीच हलले. त्या स्नायूंची ओळख माणसाला कशी पटत गेली, आणि तिचा लाभ ओझे वाहणाऱ्याच्या पदरात केव्हा पडला, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

प्रथम शब्दांचा घोळ सोडवू. सुश्रुताने ज्याला ‘पेशी’ म्हटले त्याला आज आपण स्नायू म्हणतो. त्याचा ‘स्नायू’ म्हणजे सांधे बांधून ठेवणारा बंध. आणि रिकामा झालेला ‘पेशी’ हा शब्द आपण देहाच्या सूक्ष्म घटकाला देऊन टाकला. सुश्रुतसंहितेत पेशी 500 सांगितल्या आहेत: हातापायांत 400, धडात 66 आणि मानेपासून वर 34. आजची गणती सहाशेच्या पुढे जाते. परंतु आकड्यापेक्षा त्याची रीत मोलाची आहे. प्रेत पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे, मग कुंच्याने एकेक थर हळूहळू घासून काढावा आणि आतले सर्व डोळ्यांनी पाहावे, असे तो सांगतो. पुढे ही रीत मागे पडली. पोथी पाठ करणारा मोठा ठरला आणि प्रेताला हात लावणारा विटाळला.

युरोपातही निराळे घडले नाही. दुसऱ्या शतकातील गॅलेनने माकडे चिरून माणसाचे शरीर सांगितले, आणि तेच तेराशे वर्षे प्रमाण मानले गेले. 1543 साली वेसेलियसने माणसाचे देह स्वतः चिरून ग्रंथ छापला, तेव्हा गॅलेनच्या चुका उघड्या पडल्या. त्याला मिळालेल्या देहांपैकी कित्येक फाशी गेलेल्यांचे होते. इंग्लंडात 1832 च्या कायद्याने गरीबखान्यांतील बेवारस प्रेते विद्यालयांना मिळू लागली. आपल्याकडे 1836 साली कलकत्त्यास मधुसूदन गुप्तांनी जातीचा रोष पत्करून शवविच्छेदन केले. 1845 साली मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. आणि 1949 साली मुंबई राज्याने बेवारस प्रेते वैद्यकीय शिक्षणास देण्याचा कायदा केला. बेवारस प्रेत सावकाराचे नसते. ज्यांच्या देहांवर हे शास्त्र लिहिले गेले त्यांत गोरगरीब फार होते, हे ध्यानात ठेवून पुढे चलू.

आता शास्त्राने काय दाखविले ते पाहू. हमाल जमिनीवरची गोणी उचलतो तेव्हा मांडीच्या पुढील चार मुळांचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, गुडघा सरळ करतो. कुल्ल्याचा ग्लुटिअस मॅक्सिमस, देहातला सर्वांत मोठा स्नायू, वाकलेले धड वर आणतो. पोटरी टाचेला उचल देते. कण्याच्या दोन्ही अंगांचे दोरखंडासारखे स्नायू पाठ ताठ धरतात, आणि पोटाचे स्नायू समोरून पट्ट्यासारखे आवळतात. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस खांद्याला वर धरतो. खांद्यावरचा डेल्टॉईड हात उचलतो. दंडाची बेटकुळी, म्हणजे बायसेप्स, कोपर वाकवते आणि मागचा ट्रायसेप्स ते सरळ करतो. ही जोडी का लागते? कारण स्नायू फक्त ओढू शकतो. ढकलणे त्याला ठाऊक नाही. लोक बळ बेटकुळीवरून मोजतात, पण खरे ओझे मांडी, कुल्ला आणि पाठ वाहतात.

स्नायूला हे ओझे किती पडते, याचा हिशेब इटलीच्या बोरेलीने मांडला. त्याचा ग्रंथ 1680 साली, तो वारल्यानंतर, निघू लागला. हाडे म्हणजे तरफा, आणि स्नायू त्या तरफेला टेकूच्या अगदी जवळ धरतो. म्हणून त्याला ओझ्याच्या कित्येक पट जोर लावावा लागतो. ढोबळ हिशेब करा. पाठीचे स्नायू कण्याच्या मध्यापासून सुमारे 5 सेंटिमीटर मागे ओढतात. 50 किलोची गोणी कण्यापासून 40 सेंटिमीटर पुढे धरली, तर त्यांच्यावर आठपट, म्हणजे 400 किलोंचा ताण येतो. वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. तीच गोणी अंगाला भिडवून 20 सेंटिमीटरवर आणली, तर ताण निम्म्यावर येतो. डोक्यावर चुंबळ ठेवून पाटी घेणारी कोळीण ओझ्याची रेषा कण्यातून नेते. तिने हे गणित बोरेलीच्या आधीच सोडवले होते. मात्र त्याची किंमत तिची मान देते.

स्नायू थकतो, ही गोष्ट इटलीतीलच मोसो याने बोटाला वजन बांधून मोजली व 1891 साली ग्रंथरूपाने मांडली. थकलेल्या स्नायूकडून करविलेले काम ताज्या स्नायूच्या कामापेक्षा अधिक हानी करते, हे त्याचे सांगणे. त्याच सुमारास, 1890 साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. एकाने प्रयोगशाळेत सिद्ध केले, दुसऱ्याने कामगारांच्या सभांतून मिळविले.

आपल्या जंगलपट्टीत हा हिशेब रक्ताने लिहिला गेला. वेठबिगारीत वारल्याच्या श्रमाला वजनही नव्हते आणि दामही नव्हता. 1945 साली किसान सभेच्या झेंड्याखाली, शामराव व गोदावरी परुळेकरांच्या साथीने, वारल्यांनी 500 पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मागितले. पाचशे पौंड म्हणजे जवळजवळ 227 किलो. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती पडले. त्या मागणीचे मोल आम्हांस असे वाटते की, वारल्याने आपल्या श्रमाचे वजन प्रथमच स्वतःच्या तराजूत घातले.

मग कायदे आले. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 34 व्या कलमाने इजा होईल एवढे ओझे कोणाकडूनही उचलवू नये असे म्हटले आणि आकडा राज्यांवर सोपविला. 1967 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषासाठी 55 किलोंची मर्यादा सुचविली. 1969 साली, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यानंतर, महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. डोक्या-पाठीवर ओझे वाहणाऱ्यास मंडळ, नोंदणी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळाला. 1991 साली अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने मात्र सांगितले की, दोन्ही हातांनी उचलावयाचे ओझे सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही 23 किलोंच्या वर असू नये.

आपल्या सिमेंटच्या गोणीचे वजन 50 किलो आहे, म्हणजे त्या आकड्याच्या दुपटीहून अधिक. हे वजन कोणत्या स्नायूकडे पाहून ठरले? ते गिरणी, गुदाम आणि ट्रक यांच्या सोयीने ठरले. आमच्या सभांतून कामगार ‘कंबर धरली’ एवढेच म्हणतो. त्या दोन शब्दांत बोरेलीचा सारा ग्रंथ आहे. ठेक्यावरच्या, नोंद नसलेल्या हमालाची कंबर गेली म्हणजे त्याचा रोजही जातो, आणि ती कोणत्या गोणीने गेली हे कोठेच लिहिले जात नाही. घर बांधणारे, दुकान चालविणारे, कारखान्यात माल मागविणारे आपणच आहोत. गोणी लहान मागणे, हातगाडी देणे, दोघांनी उचलू देणे आणि हमालाची नोंद मंडळाकडे झाली आहे की नाही हे विचारणे, एवढे आपल्या हातात आहे. गरिबांच्या देहांनी शास्त्राला जे शिकविले ते त्यांच्या पाठीपर्यंत परत पोहोचविणे हे या गावाचे देणे आहे.