‘मुंबई कुणाची?’ : एका षष्ठीचा वाद

तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या वेडेवाकडे प्रश्न करून प्रेक्षकांस साक्षीला घेतो. १९४४ साली स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकाने हीच रीत श्रम व मोल यांच्या विचारासाठी योजिली. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मुंबई’ या लोकनाट्यात मुंबई कुणाची, असा वाद कामगार व शेठ यांच्यात पडतो. ‘कुंभाराचे मडके’ म्हणजे कुंभाराने घडविलेले, तसेच त्याच्या मालकीचेही. मराठी षष्ठी दोन्ही अर्थ वाहते. शेठ मालकीचा अर्थ धरतो, कामगार निर्मितीचा. निवाडा मात्र हसणाऱ्या प्रेक्षकांवर येतो. वाशीम जिल्ह्यातील कारंजा ही कापसाची जुनी पेठ. तेथे ‘शेतकऱ्याचा कापूस’ तराजूवर चढताच षष्ठीचा कोणता अर्थ उरतो, हाही त्याच वादाचा भाग होय.