ठिपक्याआड लपवलेलं नाव

१९८० साली अटारी कंपनीचा 'ॲडव्हेंचर' नावाचा गेम आला. त्यातल्या एका भूलभुलैयात जमिनीच्याच रंगाचा, जवळजवळ न दिसणारा एक ठिपका होता. तो उचलून योग्य जागी नेला की भिंतीतून पलीकडे जाता यायचं, आणि तिथल्या खोलीत अक्षरं झळकायची : हा गेम वॉरन रॉबिनेटने बनवला. बस्स, एवढंच. ना खजिना, ना राजकन्या.

सॉल्ट लेक सिटीतल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने कंपनीला पत्र लिहून विचारलं तेव्हा कुठे हे उघडकीला आलं. तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेलाही होता. अटारीत गेमवर बनवणाऱ्याचं नाव घालत नसत. एकट्याने महिनोन्महिने बसून गेम लिहायचा, त्याच्या लाखो प्रती खपायच्या आणि खोक्यावर नाव फक्त अटारीचं. पगार ठरलेला, खपातला वाटा शून्य. आज आपण असल्या लपवलेल्या गोष्टींना 'ईस्टर एग' म्हणतो आणि कौतुकाने शोधतो. मला मात्र ती पहिली खोली कधीच गमतीची वाटली नाही. पाथरवटाने देवळाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आपलं नाव कोरून ठेवावं, तसं वाटतं.

हे सगळं उकरून काढायचं कारण आमचा भाचा. बारावीनंतर गेम डिझाइनचा कोर्स करायचा म्हणतोय, ताई हवालदिल झालीय, आणि घरातला 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' म्हणून निकाल माझ्यावर सोपवलाय. निकाल मी देणार नाही. इतिहास तेवढा सांगतो.

तर त्याच काळात अटारीच्या व्यवस्थापनाने प्रोग्रॅमर लोकांना एक कागद वाटला : कुठल्या गेमचा खप किती. जे खपतं तसलंच आणखी बनवा, हा हेतू. डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन या चौघांनी तो वेगळ्याच डोळ्यांनी वाचला. बेरीज केली, तर विक्रीतला निम्म्याहून अधिक वाटा या चौघांच्या गेम्सचा! गेले साहेबांकडे. साहेब म्हणजे रे कॅसार, कापडधंद्यातून आलेले. क्रेनने पुढे अनेकदा सांगितलंय की त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा होता : पट्ट्यावर कार्ट्रिज जोडणाऱ्या कामगाराइतकंच तुमचं महत्त्व, त्याहून जास्त नाही. (ही गोष्ट सांगताना सगळे त्या चौघांच्या अपमानाबद्दल हळहळतात. पट्ट्यावरच्या कामगाराबद्दल कोणी काही बोलत नाही.)

चौघं बाहेर पडले आणि जिम लेव्हीला सोबत घेऊन १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी गेम बनवणारी ही पहिली स्वतंत्र कंपनी. अटारीने कोर्टात खेचलं, पण धंदा बंद पाडता आला नाही. ॲक्टिव्हिजनच्या माहितीपुस्तिकेत गेम कोणी बनवला ते ठळक छापलेलं असे.

नाव मिळालं. वेळेचं काय?

१९८२ च्या जुलैअखेरीस अटारीने 'ई.टी.' सिनेमाचे हक्क घेतले. गेम नाताळात दुकानांत हवा, म्हणून सप्टेंबर उजाडताच तयार हवा. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉला मिळाले पाच आठवडे. एरवी अशा कामाला सहा-सात महिने सहज लागत. घरी काम करता यावं म्हणून यंत्रणाच त्याच्या घरी बसवून दिली. (किती ती काळजी!) कार्ट्रिज बनवली चाळीस लाखांच्या आसपास, खपली त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत. १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या ॲलामोगोर्डोच्या कचरा डेपोत अटारीने ट्रक भरभरून माल पुरला. २०१४ च्या एप्रिलमध्ये तो खणून काढला, तेव्हा वॉरशॉ स्वतः तिथे हजर होता. त्या वेळी तो मानसोपचाराचं काम करत होता.

१९८३ ची मंदी एका गेममुळे आली हे मला पटत नाही. बाजारात भारंभार कार्ट्रिज झाली होती. पण ठपका पाच आठवड्यांच्या मुदतीवर कमी आणि वॉरशॉवर जास्त आला.

त्याच १९८२ मध्ये ट्रिप हॉकिन्सने इलेक्ट्रॉनिक आर्ट्स काढली. सॉफ्टवेअर लिहिणारे हे कलावंत आहेत, ही त्यांची सुरुवातीची भूमिका. जाहिरातीत त्यांचे फोटो, गेमचं वेष्टन गाण्यांच्या रेकॉर्डसारखं. नंतर कंपनी मोठी होत गेली आणि स्टुडिओ विकत घेत गेली. बुलफ्रॉग घेतला १९९५ मध्ये, बंद केला २००१ मध्ये. वेस्टवुड घेतला १९९८ मध्ये, बंद २००३ मध्ये. ऑस्टिनचा ओरिजिन घेतला १९९२ मध्ये, बंद २००४ मध्ये. वेस्टवुडच्या काहींना लॉस एंजेलिसच्या ऑफिसात यायला सांगितलं गेलं.

त्याच ऑफिसातून पुढची ठिणगी पडली. १० नोव्हेंबर २००४ ला 'ईए स्पाउस' या नावाने एका बाईने लाइव्हजर्नलवर लिहिलं. (आपल्यासारखीच ब्लॉगर!) तिच्या जोडीदाराच्या कामाचे तास आधी आठवड्याला सहा दिवस रोज आठ झाले, मग रोज बारा, आणि शेवटी सातही दिवस सकाळी नऊ ते रात्री दहा. शनिवारी जमलं तर संध्याकाळी साडेसहाला सुट्टी. जादा कामाचा पैसा नाही, बदली रजा नाही. आणि हे सुरू झालं तेव्हा काम वेळापत्रकाप्रमाणे चाललं होतं! म्हणजे उशीर झाला म्हणून धावपळ नव्हे, धावपळच मुळात योजनेत धरलेली. मला सगळ्यात जास्त हेच टोचतं.

२००६ मध्ये तिने नाव उघड केलं : एरिन हॉफमन. दरम्यान कोर्टात तडजोडी झाल्या. चित्रकारांना १ कोटी ५६ लाख डॉलर, प्रोग्रॅमरना १ कोटी ४९ लाख. काहींना तासांवर पगार आणि जादा कामाचा भत्ता मिळू लागला, पण त्या बदल्यात बोनस आणि शेअर गेले.

पुढे काही फार बदललं असं नाही. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये टेलटेल गेम्सने सुमारे अडीचशे लोकांना एका दिवसात घरी पाठवलं, नुकसानभरपाईशिवाय. आणि त्या चौघांची ॲक्टिव्हिजन? कधीच ब्लिझर्डशी जोडली गेलेली ती कंपनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेम विभागातली १९०० माणसं कमी केली.

त्याआधी एक गोष्ट मात्र घडली होती. ॲक्टिव्हिजनच्याच रेव्हन सॉफ्टवेअर स्टुडिओत गेममधल्या चुका शोधणारी तपासनीस मंडळी असतात. या धंद्यातली सगळ्यात खालची पायरी. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्यातल्या बारा जणांना काढल्यावर बाकीच्यांनी काम थांबवलं, आणि मे २०२२ मध्ये युनियनसाठी मतदान झालं. बाजूने १९, विरोधात ३.